घर ओ का देत नाही?

रायगड जिल्ह्यातल्या इंदापूरहून तळा गावाच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंच्या वाड्यांत कुलूप लावलेली घरं दिसू लागतात. गणपतीत आणि शिमग्याला ती उघडतात, मे महिन्यात काही उघडतात. एरवी किल्ली शेजारच्या घरात खुंटीला आणि मालक ठाणे-मुंबईत. या घरांत आता सिमकार्डावर चालणारा वायफायचा डबा आला आहे. फायबर सगळ्या वाड्यांत पोचलेली नाही, टेलिफोनच्या तांब्याच्या तारा गेल्या, पण डोंगर आडवा आला नाही तर टॉवरची रेंज मिळते. डबा बसला की कॅमेरा लावावासा वाटतो, मग विहिरीवरच्या पंपाला स्विच. आणि ठाण्यातून मोबाइलवर आपलंच घर बघायला जावं, तर ते ओ देत नाही.

हा प्रश्न अर्धाच तांत्रिक आहे. उरलेला अर्धा घरगुती आहे, म्हणून तो घरातल्याच दोघांच्या तोंडून मांडतो. मामा टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. बंद घराची किल्ली त्यांच्याकडे असते. भाची ठाण्याला राहते, नेटवर्कचं काम करते. बंद घर तिच्या आईवडिलांचं. दोघंही आपापल्या परीने तारेतली माणसं, त्यामुळे वाद वरवरचा राहत नाही.

मामा : मला एवढंच सांग, ते डब्यातलं सिम काढून मी फोनमध्ये घातलं तर अमेरिकेतूनसुद्धा त्याला फोन लागेल. मग तुझं इंटरनेट त्याच सिमला का लागत नाही?

भाची : कारण फोन नंबर त्या सिमचा स्वतःचा आहे, इंटरनेटचा पत्ता नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सगळे मिळून ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११मध्ये त्यांचा जागतिक साठा वाटून संपला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशियाच्या वाट्याचा शेवटचा तुकडा काढावा लागला. आणि जिओ आलं सप्टेंबर २०१६मध्ये. म्हणजे आपल्याकडे गावोगाव स्वस्त नेट आलं, तेव्हा पत्ते संपून पाच वर्षं झाली होती. मग कंपन्यांनी काय केलं, हजारो गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिला आणि आत प्रत्येकाला खासगी पत्ता.

मामा : म्हणजे पीबीएक्स झालं की हे! कारखान्याचा नंबर एक, आत टेबलाटेबलावर एक्स्टेन्शन. आतला माणूस बाहेर फोन लावतो, पण बाहेरच्याला थेट त्याच्या टेबलावर येता येत नाही. मध्ये ऑपरेटर लागतो.

भाची : तेच. फक्त इथे ऑपरेटर नाही. बाहेरून कुणी आलं तर हे तळ्याच्या घराला हवं की कोल्हापूरच्या, हे सांगणारं मध्ये कुणी नाही, म्हणून ते तिथेच टाकून दिलं जातं. आतून कुणी आधी बोलायला सुरुवात केली असेल, तर त्याच्या उत्तरापुरती वाट उघडी राहते. तीही थोडा वेळ.

मामा : कॅमेरा बसवायला आलेल्या पोराने डब्यात पोर्ट फॉरवर्डिंग करून दिलं होतं. शंभर टक्के चालणार म्हणाला.

भाची : त्याने आपला दरवाजा उघडला, मामा. सोसायटीचं फाटक कंपनीकडे आहे, ते त्याच्या हातात नाही. डीडीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचं नाव, घेतलं तरी तेच, वाटून घेतलेल्या पत्त्याला नाव देऊन उपयोग काय? हे तपासायला दोन मिनिटं लागतात. डब्याच्या पानावर त्याला मिळालेला पत्ता बघायचा. तो १०ने सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर बाहेरून थेट आत येणं विसरायचं. हा दुसरा पट्टा २०१२मध्ये मुद्दाम याच कामासाठी राखून ठेवला, सुमारे ४२ लाख पत्त्यांचा.

मामा : आणि ते नवे पत्ते? आयपीव्ही-६? त्यांचा तुटवडा नाही म्हणतात.

भाची : तुटवडा नाही, सिमला ते मिळतातही. पण मोबाइल कंपन्या बाहेरून येणारी जोडणी सहसा तिथेही अडवून ठेवतात, आणि पत्ता बदलत राहतो तो वेगळाच. त्याच्या भरवशावर घर सोडणार नाही मी.

मामा : अडवतात ते बरंच करतात. तुला वाईट वाटतंय, मला हायसं वाटतंय. घर बंद आहे, बाहेरून कुणाला आत येता येत नाही. कुलूप याचसाठी लावतात ना?

(मामांच्या या बोलण्याला पुरावा आहे. २०१६च्या शरदात मिराई नावाच्या किडीने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर वेठीला धरले होते. तिची युक्ती अगदी साधी: कारखान्यातून येताना घातलेली साठेक नावं आणि पासवर्ड एकेक करून लावून पाहायचे. लोकांनी ते बदललेलेच नव्हते. २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांच्यासारख्या सेवा तासन्‌तास कोलमडल्या. कीड लिहिणारे तिघं विशी-बाविशीतले तरुण होते आणि सुरुवात माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरांवरून झालेल्या स्पर्धेतून झाली होती. त्या फौजेत ज्यांचे कॅमेरे होते, त्या घरांना याचा पत्ताही नव्हता.)

भाची : दरवाजा उघडा ठेवण्याच्या बाजूने मीही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की घराला हाक मारता येत नसेल, तर घरानेच आपल्याला हाक मारावी. आतून बाहेर जायला कुणी अडवत नाही. घरात एक छोटं यंत्र ठेवायचं. ते सतत बाहेरच्या एका ठरलेल्या सर्व्हरशी जोडलेलं राहील. मी ठाण्यातून त्याच सर्व्हरशी जोडून घेईन. दोघं तिथे भेटू.

मामा : म्हणजे तुझ्या कॅमेऱ्याचं ॲप करतं तेच. क्यूआर स्कॅन केला आणि पाच मिनिटांत घर दिसलं. मग एवढा वाद कशाला?

भाची : कारण ॲपमध्ये तो ठरलेला सर्व्हर माझा नसतो. घर कुणाला हाक मारतंय, हाच तर प्रश्न आहे. ॲपवाला कॅमेरा चोवीस तास कंपनीशी जोडलेला असतो, कंपनी मला बघू देते. उद्या तिने सेवा बंद केली, पैसे मागितले, की कॅमेरा भिंतीवरची शोभा. घर कुणाला हाक मारतंय याची काळजी सरकारलाही आहे, म्हणून तर एप्रिल २०२५पासून सुरक्षेची तपासणी झाल्याशिवाय नवे सीसीटीव्ही विकता येत नाहीत.

मामा : आणि तुझा सर्व्हर?

भाची : महिन्याला काही शे रुपये भाड्याने मिळतो. त्यावर वायरगार्ड, म्हणजे व्हीपीएनचा बोगदा. घराची एक किल्ली, माझ्या फोनची एक, तुमच्या फोनची एक. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याच्याशी ते बोलतच नाही. ‘चूक’ असंसुद्धा म्हणत नाही, गप्प बसतं. लिनक्सच्या गाभ्यात ते मार्च २०२०मध्ये आलं, साध्या राउटरवरही चालतं. दर पंचवीस सेकंदांनी घराने एक छोटासा ठोका द्यायचा, म्हणजे कंपनीकडची वाट मिटत नाही. त्याला दिवसाला एक एमबीसुद्धा लागत नाही. सर्व्हर सांभाळायचा नसेल तर टेलस्केलसारख्या तयार सेवा आहेत, त्या दोन्ही टोकांची गाठ घालून देतात आणि शक्य असेल तिथे बोलणं थेट होतं.

मामा : व्हीपीएनला बंदी आली होती ना मध्ये?

भाची : बंदी नाही. २०२२मध्ये लोकांना व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगितलं. स्वतःच्या घरापर्यंत स्वतः बांधलेली वाट त्यात येत नाही.

मामा : बरं. आता माझं ऐक. क्यूआरवाला पोरगा उद्या गाव सोडून गेला तर माणगावात त्याच्यासारखे आणखी चार मिळतील. तू उद्या जर्मनीला गेलीस, तर तुझा बोगदा कोण दुरुस्त करणार? तुझ्या आईला जमेल? मला जमेल? खात्यात आम्ही डीपी बॉक्सच्या झाकणाच्या आत जोड्यांचा कागद चिकटवून ठेवायचो. मी रजेवर गेलो तर दुसऱ्याने तो वाचून फोन चालू करावा म्हणून. तुझ्या या सगळ्याचा कागद कुठे आहे?

भाची : ...कागद नाही.

मामा : मग ते घराचं नाही, ते तुझं एकटीचं आहे.

मला या ठिकाणी मामांचं म्हणणं पटतं, आणि ते फक्त तळ्यापुरतं नाही. घरोघरच्या हुशार मुलामुलींनी उभ्या केलेल्या अशा व्यवस्थांना त्यांच्या लग्नानंतर किंवा ती परदेशी गेल्यानंतर कुणाला हात लावता येत नाही. कंपनीच्या ॲपवर लोक विश्वासाने जातात असं नाही. ते बिघडलं तर कुणाला विचारायचं हे माहीत असतं, म्हणून जातात.

भाची : कागद लिहीन. तो कपाटात राहील आणि एक प्रत तुमच्याकडे. पण मग तुम्हीही एक करा. पावसाच्या सुरुवातीला गडगडलं की तुम्ही जाऊन मेन स्विच पाडता.

मामा : पाडणारच. तारेवर वीज पडली की काय होतं ते मी पाहिलंय. तुझा डबा जळण्यापेक्षा मुका झालेला बरा.

भाची : पाडा, पण पुन्हा चढवा! गेल्या पावसात घर पंधरवडाभर मुकं होतं, आणि मी ठाण्यात बसून कंपनीची सेवा, टॉवर, सगळं तपासत होते.

मामा : मला फोन करायचास.

भाची : (हसून) तुमचाच लागत नव्हता.

मामा : तोच तर माझा मुद्दा आहे. वीज, टॉवर, सिम, डबा, तुझं यंत्र, भाड्याचा सर्व्हर, एकावर एक. एक निखळलं की संपलं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, आठवतंय? श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने शिरलं आणि तळा, म्हसळा, माणगाव, रोहा सगळं झोडपून गेलं. खांब भाताच्या काडीसारखे आडवे. लाइट येईपर्यंत कुठे आठवडा, कुठे त्याहून जास्त. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास टिकतात, पुढे डिझेल पोचलं तर ठीक. ज्या दिवशी घराची सगळ्यात जास्त काळजी वाटते, त्याच दिवशी तुझं यंत्र काही सांगू शकत नाही. घराची कौलं उडाली हे तुझ्या आईला कळलं ते मी चालत जाऊन, रेंज मिळेल त्या टेपाडावरून फोन केला म्हणून.

भाची : कबूल. वादळात माणूसच लागतो. पण वादळ रोज येत नाही, मामा. टाकीचा व्हॉल्व्ह गळणं, चार दिवस लाइट नसल्यामुळे फ्रिजमधलं सडणं, दार वाऱ्याने उघडणं, हे मात्र नेहमीचं. त्यासाठी तुम्हाला रोज पायपीट का?

मामा : आपला तळगड बघ. मांदाडच्या खाडीवर नजर ठेवायला तो आणि घोसाळगड. पुरंदरच्या तहात एवढे किल्ले दिले, पण महाराजांनी स्वतःकडे ठेवले त्या बारांत तळगड होता. नजर ठेवायची म्हणजे काय, तर वर शिबंदी असायची. नजर ठेवणारा तिथेच राहायचा.

भाची : शिबंदी आता ठाण्यात नोकरीला आहे.

मामा : ते खरं. (थोडं थांबून) पंपाचं बोल. पंपाला तुझा बोगदा कशाला? देशावरचे शेतकरी किती वर्षं मोबाइल स्टार्टर वापरतायत. पंपाजवळ सिम, त्याला फोन लावायचा, बटण दाबलं की मोटर चालू. लाइट आहे की नाही तेही तो टोन वाजवून सांगतो. पुण्याच्या संतोष ओस्तवालांनी नॅनो गणेश केलं ते याच कामासाठी, नोकियाचं बक्षीस मिळालं त्याला. रात्री-बेरात्री लाइट आली की विहिरीवर धावायचं, ते वाचावं म्हणून. त्याला ना वायफाय, ना सर्व्हर.

भाची : कारण तो फोन नंबरवर चालतो. सिमला फोन लागतो, नेट लागत नाही, हे तुम्ही सुरुवातीलाच म्हणालात. त्याचा फायदा त्या स्टार्टरने घेतला. मला तो पसंत आहे. एकच अडचण, जुने स्टार्टर टूजीवर चालतात, म्हणजे जिओचं सिम त्यात निरुपयोगी. ज्यांचं टूजी अजून आहे त्यांचंच घ्यावं लागतं. आणि टूजी किती दिवस राहील?

मामा : मी राहीन तितके दिवस राहिलं तरी पुरे.

भाची : मग पंप तुमच्या पद्धतीने. कॅमेरा माझ्या.

मामा : कॅमेरा कुठे तोंड करून लावणार ते आधी सांग. मागच्या बाजूला लावलास तर विहीर दिसते. विहीर सामाईक आहे. बायका तिथे कपडे धुतात, मुलं आंघोळी करतात. त्यांना कुणी विचारलंय?

भाची : मागे नाही. ओटी आणि पुढचं दार, बस.

मामा : आणि ओटीवर मी दुपारी आडवा होतो, तेही ठाण्यात बघणार?

भाची : तुम्ही आत आलात की कॅमेरा बंद करायचं बटण ठेवते. खरंच ठेवते. पण मामा, म्हणूनच तर मला तो दुसऱ्याच्या सर्व्हरवर नको आहे. विहिरीवरच्या बायका चुकून दिसल्याच, तर ते चित्रण घरातल्या कार्डावर राहील, कुठल्या देशात जाणार नाही.

मामा : हे पटतं. हे पहिल्यांदा काहीतरी बोललीस.

भाची : कॅमेऱ्याचं सगळं चित्रण घरातल्या एसडी कार्डावरच राहील, मोबाइलवर मी लागेल तेव्हा बघेन. सतत पाठवत बसायचं म्हटलं तर परवडतच नाही. एक एमबीपीएसचं साधं चित्रसुद्धा दिवसाला १०.८ जीबी खातं, आणि सिमचा प्लॅन दिवसाला दोन जीबीचा.

मामा : आणि हालचाल झाली की सूचना?

भाची : ती ठेवली होती. वानरं येतात.

मामा : (हसून) वानरं येणारच. छपरावरच्या अँटेनाची वायर तीच ओढतात. ती घट्ट बांधून घे आधी, मग वायरगार्डचं बघू.

इथे त्यांचं एकमत झालं असं समजू नये. मामांना अजूनही वाटतं की घराची बातमी शेजाऱ्याने द्यावी आणि त्यासाठी शेजाऱ्याशी संबंध ठेवावेत; भाचीला वाटतं की शेजाऱ्याच्या पायांवर आपली सोय उभी करणं हा उपकार फार झाला. हा तिढा कोणत्याही राउटरने सुटणारा नाही, आणि तो सुटावा अशी माझी इच्छाही नाही. व्यवस्थेबद्दल मात्र माझं मत सांगतो.

मोबाइल ब्रॉडबँडवरच्या घरात बाहेरून शिरण्याचा नाद सोडावा; जोडणी घराकडूनच सुरू झाली पाहिजे. ती कुणाकडे जाते, हे भाचीप्रमाणे आपण ठरवावं, आणि ती कशी बांधली आहे हे मामांप्रमाणे कागदावर लिहून ठेवावं. सुरुवात कॅमेऱ्याने करू नये. बंद घराबद्दल खरोखर हवी असते ती माहिती दोन-तीन ओळींची: लाइट आहे का, टाकीत पाणी किती, दार बंद आहे का. एवढं कळवायला कमकुवत रेंजही पुरते. डब्याला आणि त्या छोट्या यंत्राला मिळून एक लहान यूपीएस द्यावा, शक्यतो असा की लाइट गेल्याची बातमी लाइट गेल्यावरही बाहेर पडेल. डबा अडकला तर रात्री एकदा तो आपोआप बंद-चालू करणारा टायमरचा प्लग बाजारात मिळतो. त्याने बरीच डोकेदुखी वाचते. कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. कॅमेरा यानंतर, आणि तोही शेजाऱ्यांना विचारून.

राहिलं सिम. ते कुणाच्या नावावर आहे आणि रिचार्ज कोण भरतं, हे आधी ठरवा. प्रीपेड प्लॅन संपला की त्याच दिवशी नेट थांबतं, आणि बराच काळ वापर नसेल तर नंबरही हातचा जाऊ शकतो. रिचार्ज संपत आल्याचा एसएमएस डब्यातल्या सिमवर येतो, तिथे तो वाचायला कुणी नसतं. ती तारीख आपल्या घरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.